वनवास : स्वतःचा आणि दुसऱ्याचा

नागर जीवनाचा वीट आलेला मनुष्य अरण्याची वाट धरतो, ही कल्पना वाङ्मयाला नवी नाही. आपल्या परंपरेने तर तिला आश्रमव्यवस्थेत रीतसर स्थान दिले आहे. परंतु त्या व्यवस्थेतील एक अट आपण सहसा विसरतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वनाची वाट सांगितली आहे ती अंगावर सुरकुत्या पडलेल्या, केस पिकलेल्या आणि नातवंड पाहिलेल्या गृहस्थाला. पत्नीला त्याने मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे, एवढीच मुभा तेथे आहे. वाढत्या वयाच्या मुलांना हाताशी धरून वनात जाण्याचा विचार तेथे संभवतच नाही. आपला संन्यास आपल्यापुरता असावा, हा त्या व्यवस्थेतील विवेक होय. तो सुटला म्हणजे काय घडते, याचा कलात्मक शोध पॉल थेरो या अमेरिकन लेखकाच्या 1981 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मॉस्किटो कोस्ट’ या कादंबरीत आढळतो.

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. ॲली फॉक्स हा बुद्धिमान संशोधक मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका शतावरीच्या शेतावर कामाला आहे. आपला देश उधळपट्टीने, निकृष्ट अन्नाने आणि येऊ घातलेल्या युद्धाने नासला आहे, अशी त्याची खात्री झाली आहे. एके दिवशी पत्नी व चार मुले यांना घेऊन तो बोटीने मध्य अमेरिकेतील होंडुरासला जातो, जेरोनिमो नावाची रानातील जागा विकत घेतो आणि तेथे वसाहत उभारतो. घरे होतात, पिके येतात. मग तो अमोनियावर चालणारे एक प्रचंड यंत्र बांधतो. त्याच्या पोटात अग्नी पेटवावयाचा आणि त्यातून बर्फ काढावयाचा! या यंत्राचे नाव ‘फॅट बॉय’. 1945 साली जपानवर पडलेल्या दोन बॉम्बच्या नावांचा प्रतिध्वनी त्यात ऐकू आल्यावाचून राहत नाही.

या यंत्रात कादंबरीचा मूळ विरोध साकार झाला आहे. ज्याने यंत्रसंस्कृतीचा त्याग केला, तो अरण्यात येऊन पहिल्याप्रथम यंत्रच उभारतो. त्याला साधेपणा नको आहे. त्याला अशी भूमी हवी आहे की जेथे त्याला कोणी प्रतिप्रश्न करणार नाही. डोंगरापलीकडच्या आदिवासींना दाखविण्यासाठी तो बर्फ वाहून नेतो, आणि तेथे पोहोचेपर्यंत तो वितळून जातो. हे दृश्य लेखकाने भाष्यावाचून सोडले आहे. ते तसे सोडण्यातच त्याचा संयम दिसतो. पुढे शस्त्रधारी आगंतुकांना त्या यंत्रात कोंडून गोठविण्याचा बेत ॲली करतो, यंत्राचा स्फोट होतो, आणि ज्या नदीसाठी तो येथे आला तीच विषारी होते.

परंतु या कादंबरीचे खरे सामर्थ्य कथानकात नसून निवेदनात आहे. ही कथा ॲली सांगत नाही. त्याचा तेरा वर्षांचा थोरला मुलगा चार्ली ती सांगतो. डॅनियल डिफोचा रॉबिन्सन क्रूसो (1719) स्वतःच आपली हकिकत सांगतो. योहान डेव्हिड वीस याच्या ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’मध्ये (1812) बेटावरील कुटुंबाची हकिकत बापच सांगतो. दोन्हीकडे जहाज फुटले म्हणून माणसे अरण्यात आली आहेत. तेथे दैव दोषी आहे. फॉक्स कुटुंबाचे जहाज फुटलेले नाही. ते एका माणसाच्या इच्छेने तेथे आले आहे, आणि म्हणूनच साक्ष देण्याचा अधिकार लेखकाने त्या माणसाकडून काढून मुलाकडे दिला आहे. चार्लीचे बापावर प्रेम आहे, त्याच्या बुद्धीचा त्याला अभिमान आहे. त्याचबरोबर त्याला भयही वाटते. श्रद्धेचे संशयात होणारे हे संथ परिवर्तन हीच कादंबरीची अंतर्गत लय होय.

या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण भाग मुलांच्या गुप्त जागेचा आहे. जेरोनिमोपासून दूर झाडीत मुलांनी आपली एक वाडी केली आहे. तिला ती ‘एकर’ म्हणतात. तेथे त्यांनी काय मांडले आहे? शाळा, प्रार्थना, दुकान, पैसा. म्हणजे बापाने त्याज्य ठरविलेले सारे काही. आणि तरीही रानातील फळामुळांवर जगण्याची ही वाडी बापाच्या वसाहतीपेक्षा अरण्याला अधिक जवळची आहे. साधेपणा तेथे खेळातून सहज आला आहे. जेरोनिमोत तो हुकमाने येतो.

येथे थोरोची आठवण अपरिहार्य आहे. दुर्गा भागवतांनी मराठीत आणलेला ‘वॉल्डन’ ज्यांनी वाचला आहे, त्यांना ठाऊक आहे की 1845 साली तळ्याकाठी राहावयास गेलेला थोरो एकटा होता आणि दोन वर्षांनी परतला. त्याचा प्रयोग फसला असता, तर उपाशी तोच राहिला असता. गांधीजींचे उदाहरण अधिक कठीण आहे. 1904 साली डर्बनजवळ त्यांनी फिनिक्स आश्रम स्थापन केला, तेव्हा ते कुटुंबवत्सल गृहस्थ होते. आपल्याला रीतसर शिक्षण मिळाले नाही, ही मुलांची तक्रार मात्र त्यांनी आत्मकथेत स्वतः नमूद केली आहे. तिच्याशी ते सर्वस्वी सहमत नाहीत, तरी ती तेथे आहे. ॲली फॉक्सच्या जगात तक्रारीला जागाच नाही. परतीची इच्छा मुलांच्या मनातून जावी म्हणून तो त्यांना सांगतो, की अमेरिका जळून नष्ट झाली आहे. साधेपणाच्या उपासकाला सर्वांत मोठे असत्य सांगावे लागते, येथे त्याच्या तत्त्वज्ञानाचा पराभव पूर्ण होतो.

कादंबरीत उणिवाही आहेत. पत्नीला ‘मदर’ याखेरीज नाव नाही. तिच्या मौनामागचे मन लेखकाने उघडलेले नाही. मिस्किटो लोकांवरून ज्या किनाऱ्याला नाव पडले, ते लोक येथे बव्हंशी पार्श्वभूमी म्हणूनच वावरतात. ॲलीच्या दृष्टीचा हा दोष काही प्रमाणात लेखकाच्याही दृष्टीत उतरला आहे. अखेरीस त्याला लाभणारे भीषण मरण तर नियतीपेक्षा शिक्षेसारखे वाटते. 1986 साली पीटर वियर यांनी या कादंबरीवर काढलेल्या चित्रपटात अरण्य डोळ्यांना दिसते. पण चार्लीच्या मनातील दोलायमानता शब्दांनीच जितकी पकडली, तितकी चित्राला पकडता आलेली नाही.

तथापि या उणिवांनी कादंबरीचे मूल्य कमी होत नाही. साध्या राहणीविषयी आपल्याकडे आदराने बोलण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो. दुसऱ्याच्या वतीने केलेल्या त्यागाला वेगळे नाव आहे, आणि ते नाव उच्चारण्याचे धैर्य या कादंबरीने एका तेरा वर्षांच्या मुलाला दिले आहे.