हसू आधी, अर्थ मागाहून

उर्दू शाळेत इमला, म्हणजे श्रुतलेखन, तपासताना एकदा आम्हांला एका मुलाच्या वहीत 'आम' हा शब्द ऐनने लिहिलेला सापडला. अलिफने लिहिला तर आंबा, ऐनने लिहिला तर सर्वसामान्य. त्या पोराने सर्वसामान्यांनाच चोखून खाल्ले होते! आम्ही ते वाचून दाखवले, वर्ग खदखदून हसला. (देवनागरीत दोन्ही 'आम' सारखेच दिसतात, म्हणून तर हा विनोद येथे फोड करून सांगावा लागला.)

जाक देरिदा या फ्रेंच विचारवंताने १९६८ साली एका व्याख्यानात असाच खेळ मांडला होता. 'दिफेरांस' या शब्दातला एक स्वर त्याने बदलला. कानाला काहीच फरक कळत नाही, कळतो तो कागदावर. शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दांहून वेगळेपणात असतो आणि तो सतत पुढे ढकलला जातो, असे त्याचे म्हणणे. उर्दू शिकवणाऱ्याला हे फार परके वाटू नये.

त्याआधी, १९०० साली, हेन्री बर्गसनने हास्यावर पुस्तक लिहिले. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपण हसतो. मात्र हसताना काळीज क्षणभर बधिर व्हावे लागते. आणि समाज हसून माणसाला सुधारतो, हे त्याचे मुख्य मुद्दे. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेल्या पु. ल. देशपांडे यांचा सखाराम गटणे या मापात नेमका बसतो. छापील मराठी बोलणारा तो मुलगा म्हणजे चालते पुस्तकच. पण त्याच 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा? गावात वीज येणार म्हटल्यावर, उजेडात दिसणार काय तर आपले दारिद्र्य, अशा अर्थाचे तो बोलतो. आपण हसतो, पान उलटतो आणि मग घशात काहीतरी अडकते. येथे काळीज बधिर होत नाही, उलट हसण्यानेच जागे होते. अर्थ मागाहून येतो. अंतूपुढे बर्गसन तोकडा पडतो आणि देरिदा कामाला येतो, असे आमचे मत आहे.

मात्र सुधारण्याबाबत बर्गसनचे खरे ठरले. त्या मुलाने 'आम' पुन्हा कधी चुकवला नाही. त्याने वर्गात हात वर करणेही सोडले, हे आमच्या ध्यानात आले तेव्हा सहामाही उलटून गेली होती.