सातपुड्याच्या पायवाटा आणि मराठी गद्य

मराठीत अलीकडे भ्रमणवर्णनांचा तोटा नाही. दिवाळी अंकांतून, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून आणि स्वतंत्र पुस्तकांतूनही डोंगरयात्रांची वर्णने वाचकांपुढे सतत येत असतात, व सुशिक्षित कुटुंबांतून ती आवडीने वाचली जातात. ही गोष्ट आनंदाचीच होय. परंतु ह्या सर्व वाङ्मयाचा एकत्र विचार करू लागले म्हणजे एक उणीव ध्यानात आल्यावाचून राहत नाही. त्यातील बहुतेक डोंगर सह्याद्रीचे, बहुतेक वाटा गडांच्या आणि बहुतेक लेखांचा शेवट माथ्यावर झालेला. ज्या डोंगरास सुळका नाही, कडा नाही, बुरूज नाही, तो आमच्या लेखकांच्या लेखी जणू डोंगरच नव्हे!

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील संग्रामपूर तालुक्याचेच उदाहरण घेऊ. जुन्या वऱ्हाडाचे पयानघाट, बालाघाट आणि मेळघाट असे तीन भाग मानीत. त्यांपैकी पयानघाट जेथे संपतो व सातपुडा जेथे सुरू होतो, त्या सांध्यावर हा तालुका वसला आहे. दक्षिणेस पूर्णेचे सपाट, काळ्या मातीचे आणि ठिकठिकाणी खारपाणाचे खोरे. उत्तरेस सोनाळा, टुणकी ही गावे मागे पडली की जमीन हलकेच उंचावू लागते. पुढे साग, सलई, धावडा, तेंदू आणि मोह ह्यांची विरळ वने, मध्ये गवताची मोकळी पठारे, आणि बोलता बोलता माणूस चढून जाईल अशा सौम्य टेकड्या. ह्याच भागातील सुमारे १२७ चौरस किलोमीटर क्षेत्र १९९७ साली अंबाबरवा अभयारण्य म्हणून जाहीर झाले व आज ते मेळघाट व्याघ्रप्रकल्पात मोडते. इतका मोठा प्रदेश. पण केवळ ह्या टेकड्यांवर व त्यांच्या वाटांवर लिहिलेले एखादे ललित पुस्तक कोणी मागितले, तर त्याच्या हाती काय द्यावे असा प्रश्न पडतो.

हा दोष मराठी भाषेचा आहे काय? मुळीच नाही. किंबहुना मराठी गद्याचा आरंभच मुळी ह्या परिसरात व पायी चालण्याच्या वृत्तांताने झाला आहे. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ पाहावा. श्रीचक्रधरांचे एकाकी भ्रमण, सातपुड्याच्याच कुशीतील सालबर्डीच्या डोंगरातील त्यांचे वास्तव्य, पुढे गावोगावचा त्यांचा संचार, हे सर्व तेथे साध्या, आटोपशीर वाक्यांत नोंदलेले आहे. त्यामागून आलेली ‘स्थानपोथी’ तर केवळ स्थळांचीच पोथी. स्वामी कोठे बसले, कोठे निजले, ते स्थान देवळाच्या कोणत्या दिशेस, हे तीत श्रद्धेने व काटेकोरपणे सांगितले आहे. ह्या दोन्ही ग्रंथांच्या संशोधनात ज्यांनी आयुष्य वेचले ते डॉ. वि. भि. कोलते बुलढाणा जिल्ह्याचेच सुपुत्र. त्या जुन्या गद्यात विशेषणे थोडी आणि दिशा फार. तो ग्रंथकार वाचकास भुलवीत नाही. तो त्यास जागेवर नेऊन उभा करतो. हा वारसा आमच्या हाती असता भ्रमणलेखक ‘निसर्गरम्य’, ‘विलोभनीय’ आणि ‘नयनमनोहर’ ह्या तीन शब्दांवर सारा प्रवास उरकतात, ह्यास दैवदुर्विलास नाही तर काय म्हणावे?

चांगल्या लेखकांचेही ह्या बाबतीत काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. गो. नी. दांडेकर ह्यांचा जन्म १९१६ साली मेळघाटाच्या पायथ्याशी, परतवाड्यास झाला. पायी हिंडून लिहिणारा त्यांच्या तोडीचा मराठी लेखक विरळा. नर्मदेच्या परिक्रमेवर त्यांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली खरी. पण डोंगर म्हणून त्यांचे मन जडले ते सह्याद्रीवर, राजमाचीवर आणि शिवकालीन दुर्गांवर. त्यांच्या गद्यात जे चैतन्य आहे ते चढाचे आहे. खाली दरी, वर माथा आणि मध्ये छातीचा भाता, ह्या ताणावर ते वाक्य उभे राहते. त्यांच्या अनुकरणाने लिहिणाऱ्यांनी तो ताण तेवढा उचलला, आणि जेथे तो नाही तेथे त्यांची लेखणी अडखळली. सौम्य टेकडीवर जिंकण्यासारखे काही नसते. तिच्यावर केवळ पाहावयाचे असते, आणि पाहण्यास श्रमांहून अधिक धीर लागतो.

हा धीर श्री. मारुती चितमपल्ली ह्यांच्यापाशी होता. २०२५ साली निवर्तलेल्या ह्या वनाधिकारी लेखकाने विदर्भातील अरण्ये नोकरीच्या निमित्ताने पायांखाली घातली आणि ‘रानवाटा’ ह्या नावाचाच ग्रंथ मराठीस दिला. वनवासी लोकांच्या तोंडची पक्ष्यांची व वृक्षांची नावे त्यांनी जमविली. ‘पक्षिकोश’ हे त्या परिश्रमाचे मोठे फळ. त्यांच्या लेखनावर आमचा एकच आक्षेप आहे. लोकश्रुती आणि स्वतःचे निरीक्षण ह्यांमधील रेघ ते पुष्कळदा पुसट ठेवतात, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेले कोणते व कानांनी ऐकलेले कोणते हे वाचकास उमगत नाही. कोणी म्हणेल, ललित लेखकाकडून इतका काटेकोरपणा मागणे हा अरसिकपणा होय. त्यांस आम्ही ह्याच सातपुड्यातील एक हकीकत सांगू इच्छितो.

रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. १८७३ साली ह्यूम ह्यांनी त्यास शास्त्रीय नाव दिले. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणास मिळाला नाही. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ तो आपण मिळविला असे नमूद केले. वस्तुतः तो नमुना खानदेशातून पूर्वीच गोळा झालेला, संग्रहालयातून चोरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला होता! त्या एका खोट्या स्थलनिर्देशाने पुढील शोधकांस भलत्या दिशेस पाठविले. शेवटी पामेला रासमुसेन ह्यांनी ती नोंद बाजूस सारून जुन्या विश्वसनीय ठिकाणांकडे मोर्चा वळविला, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ वनात तो पक्षी त्यांच्या दृष्टीस पडला. पुढे मेळघाटातही तो आढळला. सबंध एक पक्षी एका खोट्या वाक्यापायी दृष्टीआड राहिला, ह्याहून स्थळवर्णनातील सत्याचे महत्त्व अधिक कसे पटवावे?

आता गवताविषयी दोन शब्द. टेकडीवरच्या गवताळ पठारावर आलेला सामान्य लेखक ‘येथे काहीच नव्हते’ असे लिहून पुढच्या झाडीकडे धावतो. परंतु आमच्या भाषेने त्या ‘काहीच नव्हते’ला किती नावे दिली आहेत ते पाहा: माळ, कुरण, गायरान, बरड, रमणा. प्रत्येकात मातीचा, मालकीचा किंवा उपयोगाचा निराळा अर्थ आहे. गवतांतही मारवेल निराळे, पवन्या निराळे, अंगास बोचणारे कुसळ निराळे आणि ज्याचे सुवासिक तेल काढीत तो रोशा निराळा. तणमोर आणि माळढोक ह्या पक्ष्यांच्या नावांतच तण आणि माळ येऊन बसले आहेत. ज्या शेतकऱ्या-गुराख्यांनी ही नावे घडविली त्यांची दृष्टी आमच्या पदवीधर लेखकांहून सूक्ष्म होती, हे कबूल करणे भाग आहे. सरकारी दप्तरात हीच जमीन ‘पडीक’ म्हणून नोंदली जाते, आणि पडीक म्हटलेली जमीन कोणत्याही कामासाठी देऊन टाकण्यास हात आखडत नाही. एका शब्दाचा दरिद्रीपणा असा जमिनीच्या मुळावर येतो.

ह्या वाटांची नावे केवळ मराठीत आहेत असेही नाही. मेळघाटातील कोरकूंची भाषा मुंडा कुळातील. आणि जळगाव जामोद-संग्रामपूरच्या उत्तरेकडील काही गावांत बोलली जाणारी निहाली तर अशी की, तिचे कूळ कोणते हे भाषाशास्त्रज्ञांस निश्चित करता आलेले नाही. ती बोलणारे फार तर काही हजार. १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. वाघासाठी ते आवश्यकच होते. पुढे प्रकल्पातील अनेक गावे बाहेर वसविली गेली. अभयारण्यात आता परवान्याने जावयाचे आणि तेही बहुधा गाडीत बसून, ठरलेल्या रस्त्याने. ह्यास आमचा विरोध नाही. परंतु जी माणसे त्या वाटांनी मोहफुले वेचण्यास, गुरे चारण्यास आणि बाजारास जात होती, ती खाली उतरली म्हणजे वाटा गवतात बुजतात. नाल्यांची, खिंडींची व टेकड्यांची नावे मात्र म्हाताऱ्यांच्या स्मरणात राहतात, आणि ते स्मरण एका पिढीपलीकडे टिकणारे नाही.

म्हणून ह्या भागावर लिहू इच्छिणाऱ्या तरुण लेखकांस आमची विनंती आहे, आणि वऱ्हाडातील शिक्षकांस व विद्यार्थ्यांस तर आग्रहाचीच आहे. पायथ्याच्या गावांतील वृद्धांपाशी बसावे; वाटेचे नाव, तिची दिशा, तिच्या कडेचे झाड आणि त्या नावामागची हकीकत उतरून घ्यावी; पाहिलेले व ऐकलेले वेगळे ठेवावे; आणि मगच विशेषणाकडे वळावे. अशा लेखनास कोणी वाङ्मय म्हणण्यास कचरेल, तर त्याने ‘स्थानपोथी’ उघडून पाहावी. सातशे वर्षांपूर्वी कोणी ‘अमक्या देवळाच्या पूर्वेस’ असे साधे शब्द लिहून ठेवले, म्हणूनच ती स्थाने आज सापडतात. संग्रामपूरच्या टेकड्यांस अजून तेवढेही मिळालेले नाही.