शरद जोशी यांचा व्यापारविचार आणि शेजारचा देश : कांदा निर्यातबंदीच्या अनुभवातून एक चिकित्सा

प्रास्ताविक

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील शेतीविषयक चिंतनात शरद जोशी (१९३५-२०१५) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ त्याच्या अज्ञानात किंवा निसर्गाच्या अवकृपेत नाही, ते शेतमालाला जाणीवपूर्वक नाकारलेल्या भावात आहे, हा त्यांचा सिद्धान्त मराठी वाचकाला सुपरिचित आहे. या सिद्धान्ताचे समर्थनही विपुल झाले आणि खंडनही. तथापि ही चर्चा बहुतांशी देशाच्या सीमेच्या आत राहिली. शेतमाल ज्या शेजारी देशात जातो, त्या देशातील ग्राहकाला आणि शेतकऱ्याला या विचारात कोणते स्थान आहे, हा प्रश्न मागेच राहिला. २०१९ ते २०२५ या काळात भारत आणि बांगलादेश यांच्यात कांद्याच्या व्यापारावरून जे घडले, त्यामुळे तो प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात या अनुभवाच्या आधारे जोशींच्या व्यापारविचाराची शक्तिस्थाने आणि मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

हे वाचन सुरगाणा तालुक्यातून केलेले आहे, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक वाटते. नाशिक जिल्ह्याची ओळख कांद्याचा जिल्हा अशी असली, तरी सुरगाण्याची ओळख ती नाही. डोंगरउतारावरील नागली, वरई आणि खाचरातील भात ही येथील मुख्य पिके. पावसाळा सरला की येथील अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाड, चांदवड या भागांत द्राक्षबागांच्या व कांद्याच्या कामाला जातात. कांद्याच्या भावाशी त्यांचा संबंध मालक म्हणून येत नाही, मजूर म्हणून येतो. एखाद्या आर्थिक विचाराचे मूल्यमापन त्याच्या केंद्रस्थानी असलेल्यांच्या अनुभवावरून नेहमीच होते. त्याच्या काठावर असलेल्यांच्या अनुभवावरूनही ते व्हावयास हवे, ही या लेखामागील भूमिका आहे.

जोशींची मांडणी

जोशींच्या विचाराचे दोन टप्पे स्पष्टपणे दिसतात. चाकणचे कांदा आंदोलन आणि १९८० चे नाशिक जिल्ह्यातील ऊस-कांदा आंदोलन हा पहिला टप्पा. उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव हे त्याचे सूत्र होते. ‘शेतकरी संघटना : विचार आणि कार्यपद्धती’ या पुस्तकातील विवेचन याच सूत्राभोवती उभे आहे. शोषण करणारा ‘इंडिया’ आणि शोषित ‘भारत’ ही त्यांची विभागणी याच काळात रूढ झाली. या हिशेबात शेतमजुराची मजुरीही पूर्णांशाने धरावी, असा त्यांचा आग्रह होता. भाव वाढला की मजुरी वाढेल, म्हणून शेतकरी आणि शेतमजूर यांच्यात मूलभूत विरोध नाही, असा निष्कर्ष ते त्यावरून काढीत.

दुसरा टप्पा १९९० नंतरचा. डंकेल प्रस्तावाला देशातील अनेक शेतकरी संघटनांनी विरोध केला असताना जोशींनी त्याचे समर्थन केले. भारतीय शेतकऱ्याला मिळणारे अनुदान प्रत्यक्षात ‘उणे’ आहे, निर्बंधांमुळे त्याला जागतिक भावापेक्षा कमी भाव मिळतो, हे त्यांनी सरकारच्याच आकडेवारीच्या आधारे मांडले. शेतकऱ्याच्या वाटेतील सर्वांत मोठा अडसर परदेशी स्पर्धक नसून आपलेच सरकार आहे, हा या टप्प्याचा सारांश म्हणता येईल.

निर्यातबंदीचा घटनाक्रम

हा सारांश नंतरच्या घटनांनी किती खरा ठरविला, हे पाहण्यासारखे आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबविली. मार्च २०२० मध्ये ती खुली झाली. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, लासलगावहून बांगलादेशातील दर्शना येथे रेल्वेने कांदा रवाना झाला. शेजाराची ही व्यवस्था रुळते न रुळते तोच १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली आणि पेट्रापोलसारख्या सीमेवरील नाक्यांवर मालमोटारी अडकून पडल्या. १ जानेवारी २०२१ पासून ही बंदी उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागू झाले, ऑक्टोबर अखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरविण्यात आले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा पूर्ण बंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली. परंतु शुल्काचा अखेरचा २० टक्के अंश जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

या सर्व निर्णयांत शेजारी देशाने कुरापत काढली, असे एकदाही घडलेले नाही. प्रत्येक वेळी कारण देशांतर्गत भाववाढीचे होते. सरकारची बाजू निराधार होती असे म्हणता येणार नाही. शहरातील गरिबाच्या ताटातील कांदा महागणे ही कोणत्याही लोकनियुक्त सरकारला उपेक्षिता न येणारी बाब आहे. परंतु हा भार दरवेळी उत्पादकानेच का सोसावा, या जोशींच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. येथपर्यंत त्यांचा सिद्धान्त निर्विवादपणे टिकतो.

दोन ‘भारत’ समोरासमोर

मर्यादा जाणवू लागते ती सीमेपलीकडे पाहिल्यावर. बांगलादेश हा अनेक वर्षे भारतीय कांद्याचा सर्वांत मोठा ग्राहक राहिला आहे. २०१९ च्या बंदीनंतर तेथे कांद्याचा किरकोळ भाव किलोला २०० टकांच्या वर गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आलेल्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांदा न घालण्यास सांगितले आहे, असे विनोदाने म्हणत, अशा निर्णयाची पूर्वसूचना मिळावी अशी अपेक्षा व्यक्त केली. विनोदामागील तक्रार गंभीर होती. बंदीपेक्षा तिचे अकस्मात येणे अधिक जाचक होते. पुढे बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान अशा ठिकाणांहून कांदा आणला आणि पाबना, फरिदपूर या आपल्या कांदा उत्पादक जिल्ह्यांतील लागवडीला उत्तेजन दिले. २०२५ मध्ये तर स्थानिक शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून त्याने बराच काळ आयातीचे परवाने रोखून धरले.

येथे जोशींच्या विचारातील दोन टप्पे एकमेकांसमोर उभे राहतात. पाबन्याचा शेतकरी आज जे मागतो आहे, ते १९८० मध्ये नाशिकच्या शेतकऱ्याने मागितलेलेच आहे : घातलेला खर्च भरून निघेल असा भाव. त्याच्या सरकारने आयात रोखून तो देऊ केला, तर जोशींचा पहिला टप्पा त्याला न्याय म्हणेल आणि दुसरा टप्पा अन्याय. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ ही विभागणी एका देशात अर्थपूर्ण आहे. सीमेवर मात्र दोन ‘भारत’ समोरासमोर येतात आणि कोणाच्या घामाचे मोल आधी, याचे उत्तर ही विभागणी देऊ शकत नाही. खुला बाजार दोघांचेही भले करील, असे जोशींचे अनुयायी म्हणतील. दीर्घकाळात ते खरेही असू शकेल. परंतु खुला बाजार टिकण्यासाठी एक अट आहे आणि ती जोशींच्या मांडणीच्या गाभ्यात आढळत नाही.

स्वातंत्र्य आणि विश्वासार्हता

ती अट म्हणजे विश्वासार्हता. जोशींनी व्यापाराकडे विक्रेत्याचे स्वातंत्र्य म्हणून पाहिले. माझा माल मला हवा तेथे, हवा तेव्हा विकता यावा, हा त्यांचा आग्रह. मात्र शेजाऱ्याशी होणारा व्यापार ही एक बांधिलकीही असते. ग्राहकाने आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब आपल्यावर विसंबून मांडलेला असतो. हा विसंबा मोडला की तो दुसरा मार्ग शोधतो, आणि आपल्या सरकारने नंतर सर्व निर्बंध उठविले तरी तो पूर्ववत परत येतोच असे नाही. त्यामुळे निर्यातबंदीचा दोष केवळ शेतकऱ्याच्या स्वातंत्र्यावरील आक्रमण एवढ्यापुरता मर्यादित राहत नाही. शेजाऱ्याला दिलेला, कागदावर नसलेला, शब्द मोडणे हा तिचा अधिक दूरगामी दोष आहे.

विश्वास उणावला की लहान कारणेही मोठी होतात, याचा प्रत्यय पुढे आला. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यातील सत्तांतरानंतर दोन्ही देशांचे राजकीय संबंध ताणले गेले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला तिसऱ्या देशाकडे जाण्यासाठी दिलेली सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशाने भू-मार्गाने येणारे भारतीय सूत थांबविले. मे महिन्यात भारताने तेथील तयार कपड्यांच्या भू-मार्गावरील आयातीवर निर्बंध घातले. या घटनांचे मूळ कांद्यात आहे असा दावा येथे नाही. तथापि व्यापाराचे दार केव्हाही लावता येते, ही सवय दोन्ही बाजूंना आधीच जडलेली होती.

सुरगाण्यातील वाचकाला हा मुद्दा वेगळ्या वाटेने परिचित आहे. बोरगाव परिसरातील शेतकरी स्ट्रॉबेरी पिकवितो आणि ती राज्याची सीमा ओलांडून गुजरातमधील सापुताऱ्याला विकतो. ही सीमा उद्या बंद होईल अशी शंका त्याच्या मनाला शिवत नाही, म्हणूनच तो लागवडीची जोखीम पत्करू शकतो. शेजाऱ्याच्या बाजारपेठेवरील भरवसा हेही एक उत्पादनाचे साधन आहे, हे यावरून ध्यानात येते. दोन राज्यांमध्ये हा भरवसा घटनेने दिलेला आहे. दोन देशांमध्ये तो आचरणाने मिळवावा लागतो.

हिशेबाबाहेरचा मजूर

जोशींच्या मांडणीची दुसरी मर्यादा शेतमजुराविषयीची आहे. डिसेंबरच्या सुमारास लाल कांद्याची काढणी आणि उन्हाळ कांद्याची लागवड असे दुहेरी काम असते. लागवड बहुधा एकरी उक्ती दिली जाते. २०२३ ची बंदी नेमकी याच दिवसांत आली. भाव कोसळताच कांद्यात पैसा अडकलेला शेतकरी हात आखडतो, आणि त्याची पहिली झळ उक्त्याच्या दराला आणि कामाच्या दिवसांना बसते. मालकाजवळ निदान चाळ असते. थांबता येण्याची थोडी सोय असते. मजुराजवळ साठवून ठेवण्यासारखे काही नसते, कारण न केलेला दिवस साठविता येत नाही.

मजूर कांदा विकतही घेतो, तेव्हा स्वस्ताईचा लाभ त्यालाही मिळतो, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः ग्राह्य आहे. परंतु भाकरीबरोबरच्या कांद्यात वाचणारे पैसे आणि बुडालेली मजुरी यांची तुलना करण्यास अर्थशास्त्राच्या फार ज्ञानाची आवश्यकता नाही. भाव पडल्यास मजुरी पडते, हे जोशींचे निरीक्षण अशा रीतीने खरे ठरते. भाव चढल्यास ती त्याच वेगाने चढते का, हा प्रश्न मात्र त्यांनी गृहीतकावर सोडून दिला.

शिवाय सुरगाण्याचा हा मजूर स्वतः शेतकरीही आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या किसान सभेच्या मोर्चात येथील आदिवासी मोठ्या संख्येने होते. त्यांची मुख्य मागणी कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी ही होती. ज्याच्याकडे विकण्याजोगे आधिक्य नाही आणि सातबाराही नाही, असा शेतकरी रास्त भावाच्या सिद्धान्तात कोठे बसतो, हे जोशींचे लेखन पुरेसे सांगत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, सुरगाणा ज्यात येतो त्या दिंडोरी मतदारसंघात, केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे यांनी पराभव केला. या निकालाचे विश्लेषण सर्वत्र कांद्याच्या संदर्भात झाले. कांदा पिकविणाऱ्याचा रोष त्यात आला, तो लावणाऱ्या-काढणाऱ्याचा नाही.

समारोप

वरील विवेचनावरून शरद जोशींचा विचार कालबाह्य ठरला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्याच्या वाटेतील अडसर दाखविण्याचे त्यांचे काम पाच-सहा वर्षांच्या निर्यातधोरणाने पुन्हा एकदा खरे करून दाखविले आहे. मात्र अडसर दूर झाला म्हणजे रस्ता तयार झाला, असे होत नाही. निर्बंधाची पूर्वसूचना, शेजारी देशाशी किमान पुरवठ्याचा दीर्घ मुदतीचा करार आणि भाव पडतील त्या हंगामात मजुराच्या रोजगाराची तजवीज, या तीन गोष्टी केवळ स्वातंत्र्याच्या मागणीतून निष्पन्न होत नाहीत. त्यांसाठी बांधिलकीचा विचार करावा लागतो. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मराठी या विषयांचे वर्ग जोशींचे लेखन शिकविताना ते या प्रश्नांसह वाचतील, तर त्या वर्गात बसलेल्या, दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर निफाडकडे जाऊन परीक्षेपुरत्या परत येणाऱ्या विद्यार्थ्याला आपलाही हिशेब त्यात मांडता येईल.