भिंत कोणत्या बाजूने? क्यूब्स आणि व्हर्च्युअलबॉक्स यांतील निवड

व्हर्च्युअल मशीनचा धडा शिकवून झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. स्वतःच्या लॅपटॉपवर क्यूब्स ओएस बसवावी, की व्हर्च्युअलबॉक्सवर भागेल? याचे उत्तर बहुतेक ठिकाणी कुस्तीच्या निकालासारखे मिळते: अमुक जास्त सुरक्षित, तमुक कमी. त्या निकालाचा फारसा उपयोग होत नाही. भिंत दोन्हींत आहे, पण ती कोणाला कोणापासून वाचवते हे दोन्हींत वेगळे आहे. या टिपणात तेवढाच मुद्दा नीट धरायचा आहे. हायपरव्हायजर म्हणजे काय, त्याचे दोन प्रकार कोणते, हे तुम्हाला माहीत आहे असे धरून चालतो.

आधी नेहमीची, सर्वसाधारण कामाची प्रणाली घेऊ. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन, लिनक्सवरचे केव्हीएम ही त्यातली परिचित नावे. इथे होस्ट म्हणजे यजमान आणि गेस्ट म्हणजे पाहुणा. मी राहतो त्या तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडूत सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेले जुने छत्र आहे. अशा छत्रात वाटसरूला निवारा आणि जेवण मिळते, पण कोठीच्या आणि खोल्यांच्या किल्ल्या कारभाऱ्याकडे असतात. पाहुणा वाईट निघाला तर कारभारी त्याला आवरू शकतो. कारभारीच वाईट निघाला, तर पाहुण्याने आतून कडी घालून काय होणार?

व्हर्च्युअल मशीनचे अगदी तसेच आहे. गेस्टची मेमरी होस्टला वाचता येते. गेस्टची हार्ड डिस्क म्हणजे होस्टच्या डिस्कवरची एक फाइल असते. तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ आधी होस्टकडे जाते आणि मग गेस्टला मिळते. म्हणजे संरक्षण एकाच दिशेने आहे: पाहुण्यापासून यजमानाला. उलट दिशेने ते नाही.

आता विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर प्रत्यक्षात काय दिसते ते पाहा. होस्टवर विंडोज. त्यावर कुठून तरी आणलेले गेम, फुकट मिळवलेले सॉफ्टवेअर, मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेले सगळे काही. आणि त्याच विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू, "बँकेचे काम सुरक्षितपणे करण्यासाठी". ही रचना पूर्ण उलटी आहे. होस्टवर कळा नोंदवणारा एखादा प्रोग्राम बसला असेल, तर उबुंटूतला पासवर्ड त्याला अक्षरागणिक मिळतो. संशयास्पद वस्तू गेस्टमध्ये जायला हव्यात आणि होस्ट शक्य तितका रिकामा, नीटनेटका राहायला हवा. एवढी एक गोष्ट सुधारली, तरी कोणतीही नवी प्रणाली न बसवता बरेच काही साधते.

योग्य दिशेच्या भिंतीलाही भगदाडे असतात, काही आपणच पाडलेली. सामायिक फोल्डर, दोन्ही बाजूंनी चालणारा क्लिपबोर्ड, फाइल ओढून टाकण्याची सोय: हे सगळे चालू करून ठेवायचे आणि मग गेस्ट "वेगळा" आहे असे म्हणायचे, याला अर्थ नाही. काही भगदाडे मात्र मुळातच असतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्गेई झेलेन्युक या संशोधकाने व्हर्च्युअलबॉक्समधल्या ई१००० या आभासी नेटवर्क कार्डातली त्रुटी जाहीर केली. तिच्या आधारे गेस्टमधून निसटून होस्टवर पोचता येत होते, आणि त्यासाठी लागणारी मांडणी म्हणजे नेहमीची, आपोआप निवडलेली मांडणी. असा मार्ग वापरायला कौशल्य लागते, तुमच्या पेनड्राइव्हमधला साधा व्हायरस ते करणार नाही. पण सोयीसाठी लिहिलेले प्रत्येक आभासी उपकरण म्हणजे हल्ल्याची एक जागा, हे त्यावरून कळते.

क्यूब्स ओएस या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाकडून पाहते. योआना रुत्कोव्स्का यांनी २००६ साली 'ब्लू पिल' नावाचे प्रात्यक्षिक दाखवले होते. चालू असलेली ऑपरेटिंग सिस्टीम तिच्या नकळत उचलून हायपरव्हायजरच्या वर ठेवता येते आणि खाली बसलेला सगळे पाहू शकतो, हा त्याचा गाभा. खाली बसलेल्याची ताकद एवढी असेल, तर खाली कोण बसणार हे आपणच ठरवावे, असे पुढचे पाऊल म्हणता येईल. वॉर्सातल्या त्यांच्या गटाने २०१० मध्ये क्यूब्स जाहीर केली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये १.० ही आवृत्ती आली.

तिची रचना अशी. तळाला झेन हा हायपरव्हायजर. त्यावर डॉम-शून्य हा कारभारी, पण याला इंटरनेटच नाही. त्यात ब्राउझर चालवायचा नाही, मेल उघडायचा नाही. तो पडदा, कळफलक आणि बाकीच्या मशीनची चालू-बंद एवढेच पाहतो. वायफायचे कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर 'सिस-नेट' नावाच्या वेगळ्या मशीनमध्ये, यूएसबी आणखी वेगळ्या मशीनमध्ये. तुमचे काम वेगवेगळ्या क्यूबमध्ये: खासगी, कामाचे, अविश्वासू, आणि ज्याला नेटवर्कच जोडलेले नाही अशी एक तिजोरी. प्रत्येक खिडकीला तिच्या क्यूबच्या रंगाची किनार असते, म्हणजे पासवर्ड टाकताना आपण कोणत्या खोलीत आहोत हे डोळ्यांना दिसते. शिवाय एकदाच वापरून फेकायचे, डिस्पोजेबल मशीन: त्यात फाइल उघडा, वाचा, खिडकी बंद करा, मशीनही गेले.

थोडक्यात, व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट हे तुमचे रोजचे टेबल असते. क्यूब्समध्ये रोजचे टेबल होस्टवर नसतेच. दोन्हींतला खरा फरक हा आहे. झेन आणि केव्हीएम यांत कोण वेगवान, कोणाचा कोड किती ओळींचा, हे वाद त्यानंतरचे.

हा फरक प्रत्यक्षात किती मोलाचा ठरतो हे पाहायला पुणे पोलिसांनी तपास सुरू केलेले भीमा कोरेगाव प्रकरण घ्यावे लागेल. १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत रोना विल्सन यांच्या घरी छापा पडला आणि त्यांचा लॅपटॉप जप्त झाला. त्यात सापडलेली पत्रे हा आरोपांचा महत्त्वाचा आधार होता. मॅसॅच्युसेट्समधल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक कंपनीने बचाव पक्षाच्या विनंतीवरून त्या डिस्कच्या प्रतीचा अभ्यास केला, आणि तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकांसमोर आला. कंपनीचा निष्कर्ष असा: १३ जून २०१६ रोजी एका परिचिताच्या, वरवरा राव यांच्या, खात्यावरून आलेल्या मेलमधली फाइल उघडली गेली, त्यातून नेटवायर हा दूरनियंत्रणाचा प्रोग्राम बसला, सुमारे २२ महिने लॅपटॉप दुसऱ्याच्या ताब्यात होता आणि ती पत्रे बाहेरून आणून ठेवली गेली. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. खटल्याचा न्याय करणे हे या टिपणाचे काम नव्हे. आपल्याला त्यात वर्णन केलेली हल्ल्याची पद्धत तेवढी तपासायची आहे, कारण ती सर्वत्र वापरली जाणारी पद्धत आहे.

समजा, अशा वेळी वापरणाऱ्याकडे व्हर्च्युअलबॉक्स असते. उपयोग झाला असता का? फाइल गेस्टमध्ये उघडली असती आणि कागदपत्रे होस्टवर असती, तर बहुधा झाला असता. पण ती गेस्टमध्ये कोणी उघडली असती? व्हर्च्युअल मशीन चालू करायला मिनिटभर लागते, फाइल तिकडे न्यावी लागते. एवढा खटाटोप माणूस संशय आला तरच करतो, आणि ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या मेलचा संशय येत नाही. "संशय आला तर गेस्टमध्ये उघडू" हा नियम नेमका तिथे निकामी होतो जिथे हल्लेखोर हुशार असतो. सर्वसाधारण प्रणालीची माझ्या मते हीच सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती कोडमध्ये नाही, वापरण्याच्या पद्धतीत आहे.

क्यूब्समध्ये मेलच्या क्यूबला एकदा सांगून ठेवता येते की प्रत्येक जोडलेली फाइल डिस्पोजेबलमध्येच उघड. मग संशयाचा प्रश्नच उरत नाही, आईने पाठवलेली फाइलसुद्धा तिथेच उघडते. नेटवायरसारखा प्रोग्राम बसला तरी त्या फेकायच्या मशीनमध्ये बसेल आणि खिडकीबरोबर नाहीसा होईल. पण इथे क्यूब्सच्या चाहत्यांनी थांबून पाहावे. ही मांडणी तुम्हाला करावी लागते. ती न करता फाइल थेट 'कामाच्या' क्यूबमध्ये चालवली, आणि दोन वर्षांची सगळी कागदपत्रेही त्याच क्यूबमध्ये असली, तर हल्लेखोराला हवे ते सगळे एकाच खोलीत मिळाले. क्यूबच्या आत एका प्रोग्रामला दुसऱ्यापासून वेगळे ठेवायला क्यूब्स फारसे काही करत नाही. तिथे रूट होण्यासाठीसुद्धा पासवर्ड विचारला जात नाही, कारण भिंत खोलीला आहे, कपाटाला नाही. ज्याने सगळे 'पर्सनल' या एकाच क्यूबमध्ये भरले, त्याने एक हळू चालणारी फेडोरा बसवली, एवढेच.

आणि ती हळू चालतेच. क्यूब्सची किमान अपेक्षा ६ जीबी रॅमची आहे, शिफारस १६ जीबीची. तुम्ही एकही काम सुरू करण्याआधी डॉम-शून्य, नेट, फायरवॉल आणि यूएसबी यांची मशीन चालू झालेली असतात. २०१८ मध्ये प्रोसेसरमधून माहिती झिरपण्याच्या त्रुटी एकामागून एक उघड झाल्यावर क्यूब्सने हायपर-थ्रेडिंग बंद केले. निर्णय योग्य होता, पण दोन कोअरच्या लॅपटॉपवर चारऐवजी दोनच धागे उरले. ग्राफिक्स कार्डाचा वेग क्यूबला मिळत नाही, म्हणजे कॅडचे जड मॉडेल, गेम, कार्डावर शिकवायचे न्यूरल नेटवर्क, सगळे बाद. परीक्षेवर नजर ठेवणारी बरीच सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीन दिसताच चालायला नकार देतात. ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी हे कळणे बरे नाही.

पायाही अभेद्य नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये झेनमधली एक्सएसए-१४८ ही त्रुटी जाहीर झाली. गेस्टमधून पूर्ण संगणकाचा ताबा घेता येईल अशी ती होती, आणि सुमारे ७ वर्षे कोडमध्ये पडून होती. क्यूब्सच्या गटाने तेव्हा झेनच्या कामकाजावर उघड आणि कडक टीका केली, पुढे २०१८ च्या ४.० आवृत्तीत मशीन चालवण्याची पद्धतच बदलली. ज्या पायावर आपण उभे आहोत त्याच्या चुका वापरणाऱ्यांना स्पष्ट सांगण्याचा हा प्रामाणिकपणा मला क्यूब्सच्या रंगीत किनारींहून जास्त मोलाचा वाटतो. तिचे सुरक्षा-निवेदनांचे जुने अंक ऑपरेटिंग सिस्टीमच्या विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकासारखे वाचावेत.

दोन वेगळे संगणकच ठेवावेत, असाही एक पक्ष आहे. तमिळनाडूतच त्याचे उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पातल्या संगणकात मालवेअर सापडल्याचे मुंबईच्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने मान्य केले. बाधित संगणक प्रशासकीय कामाचा, इंटरनेटला जोडलेला होता आणि अणुभट्टीचे अंतर्गत जाळे त्यापासून वेगळे होते, असे त्या निवेदनात म्हटले होते. अणुवीज प्रकल्पाला दोन जाळी परवडतात. विद्यार्थ्याकडे एकच लॅपटॉप असतो, तोही हप्त्यांवर घेतलेला.

मग निवड कशी करावी? तुमच्याकडे ८ जीबीचा लॅपटॉप असेल आणि कामे म्हणजे प्रयोगशाळेचे प्रोग्राम, प्रकल्प, मेल, बँक अशी असतील, तर क्यूब्सच्या वाटेला जाऊ नका. होस्ट म्हणून लिनक्स ठेवा, त्यावर केव्हीएम. २००७ पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, वेगळे विकत घ्यावे लागत नाही. बँक आणि मेल होस्टवर, बाकी सगळा पसारा गेस्टमध्ये, आणि सामायिक फोल्डर बंद. लॅपटॉपबरोबर आलेले विंडोज होम ठेवणे भाग असेल, तर त्यात मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आणि विंडोज सँडबॉक्स मिळत नाहीत, तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर. दिशा मात्र तीच. नेटवर्किंगच्या प्रात्यक्षिकाला चार मशीन जोडायची, स्नॅपशॉट घ्यायचा, बिघडले की मागे जायचे, तयार मशीनची फाइल मैत्रिणीला द्यायची: या कामांत सर्वसाधारण प्रणालीच सरस आहेत आणि क्यूब्स त्यांच्याशी स्पर्धाही करत नाही.

क्यूब्स कोणासाठी? ज्यांच्या संगणकात दुसऱ्यांची गुपिते असतात त्यांच्यासाठी. पत्रकारितेचे विद्यार्थी, विधी साहाय्य केंद्रात काम करणारे, रुग्णांची किंवा पीडितांची माहिती हाताळणारे संशोधक. यांच्यावर नेमून हल्ला होऊ शकतो, आणि त्यात नुकसान फक्त त्यांचे होत नाही. अशांनी १६ जीबी रॅमसाठी पैसे काढावेत. बसवण्याआधी लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी, एएमडी असेल तर एएमडी-व्ही आणि एएमडी-व्हीआय, दोन्ही चालू आहेत का ते पाहावे. यातले दुसरे नसेल तर वायफायचे कार्ड थेट मेमरीत हात घालू शकते आणि सिस-नेटची भिंत नावापुरती उरते. त्यानंतर प्रणाली बसवण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि कोणते काम कोणत्या खोलीत, कोणत्या खोलीला इंटरनेट आणि कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत फाइल जाऊ द्यायची, याचा आराखडा काढावा. या कागदाला बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.