‘आनि’ आणि ‘आणि’ : भक्ती बर्वे यांचा विनोद

भीमाशंकरच्या वाटेवरच्या तळेघरपासून खाली नारायणगावपर्यंतच्या टापूत करमणूक म्हटली की आधी तमाशा आठवतो. नारायणगाव ही तर तमाशाची पंढरीच. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. या तमाशात हशांची वाटणी कशी झाली आहे, ते पाहण्यासारखे आहे. गवळणीत पेंद्या आणि मावशी हसवतात, वगात सोंगाड्या हसवतो. पेंद्या पुरुष, सोंगाड्या पुरुष, आणि मावशी म्हणजेही लुगडे नेसलेला पुरुषच. विठाबाई नारायणगावकरांसारख्या थोर कलावतीचे नाव झाले ते गाण्याने, नाचाने आणि वगातील अभिनयाने. हसवण्याचे काम मात्र परंपरेने पुरुषाकडे ठेवले.

शहरी रंगभूमीवर बोली वेगळी होती, पण वाटणी फारशी निराळी नव्हती. नायिका हे विनोदाचे निमित्त असे; विनोदाची सूत्रे तिच्या हाती क्वचितच येत. भक्ती बर्वे (१९४८–२००१) यांच्या कारकिर्दीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर तपासले पाहिजे. त्यांना आपण ‘फुलराणी’ म्हणून ओळखतो आणि तेवढ्यावरच थांबतो. प्रेक्षक कोणाला हसतो आहे, हे नाटक चालू असताना बदलून टाकण्याची त्यांची ताकद हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ १९७५ साली रंगभूमीवर आले. मूळ नाटक बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’. लंडनच्या फुलवालीला भाषाशास्त्राचा प्राध्यापक उमरावांची इंग्रजी शिकवतो, ही त्याची गोष्ट. शॉ यांच्या नाटकात उच्चारावरून वर्ग कळतो. मराठीत येताना हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण आपल्याकडे ‘ण’च्या जागी ‘न’ आला, ‘आणि-पाणी’चे ‘आनि-पानी’ झाले, की ऐकणारा माणसाचा वर्गच नव्हे, तर गाव आणि जातही ताडू पाहतो. त्या एका अक्षरावरून शाळेत मुले हसतात, कचेरीत साहेब हसतो. प्रमाण मराठी बोलणाऱ्या प्रेक्षकांपुढे असे नाटक करायचे, तर मोठा धोका असतो. मंजुळा साळुंके तोंड उघडताच प्रेक्षागृह हसणार हे ठरलेलेच. पण ते हसू शेवटपर्यंत तसेच राहिले, तर नाटक म्हणजे एका गरीब मुलीची तीन अंकी टिंगल होईल.

भक्ती बर्वे यांनी हा धोका टाळला तो आवाजाच्या जोरावर. सुधा करमरकर यांच्या बालरंगभूमीवर त्यांचा पाया पक्का झाला होता. पुढे मुंबई दूरदर्शनवर त्या मराठी बातम्या वाचत. दूरदर्शनची बातमी म्हणजे प्रमाणभाषेचे मूर्तिमंत रूप : प्रत्येक ‘ण’ आणि ‘ळ’ जागच्या जागी, आवाज सम, चेहरा स्थिर. ज्या गळ्यातून महाराष्ट्राने शुद्ध मराठी ऐकली, त्याच गळ्यातून मंजुळाची रस्त्यावरची भाषा निघत होती. प्राध्यापक जहागीरदार, म्हणजे सतीश दुभाषी, जी भाषा शिकवायला धडपडत होते, तिच्यावर या नटीची आधीच हुकमत होती. तरीही तिने मंजुळाची बोली वरून, कौतुकाने किंवा कीव करून, कधी उच्चारली नाही.

याचा पुरावा मंजुळाच्या गाजलेल्या स्वगतात मिळतो. मास्तराला एक ना एक दिवस धडा शिकवायचाच, असे ती एकटीच ठणकावते. ध्वनिचित्रमुद्रण पाहताना लक्षात येते, की बर्वे ‘न’वर जोर देत नाहीत. हशा उच्चारासाठी येत नाही. तो येतो एका भावनेतून दुसरीत मारलेल्या उडीमुळे. संतापाने आवाज चढतो, मध्येच कल्पनेतील सुखाने मऊ होतो आणि पुन्हा कडाडतो. इथवर मंजुळाला हसणारा प्रेक्षक इथे तिच्या बाजूचा होऊन मास्तराला हसू लागतो.

या स्वगताचे पुढे जे झाले, त्यावरून हा फरक आणखी कळतो. ते एकपात्री स्पर्धांचे आणि स्नेहसंमेलनांचे हुकमी पान बनले. अनेकदा त्यात ‘न’ ताणून, मान वेळावून, पदर खोचून हशा वसूल केला जातो. शहरातील मुलगी अशी ‘गावंढळ’ झाली की टाळ्या पडतात. मंजुळाची भाषा मुंबईच्या रस्त्यावरची, आंबेगावची नव्हे. तरीही ‘पानी’ म्हणणाऱ्या तळेघरच्या मुलीने हे नाटक करायला घेतले, तर तिला सुरुवातीच्या मंजुळासाठी सोंग आणावे लागणार नाही. कष्ट पडतील ते नंतरच्या, शिकलेल्या मंजुळासाठी. जी बोली एकीला सोंग वाटते, ती दुसरीची मायबोली असते. बर्वे यांचा प्रयोग या दुसरीला खाली मान घालायला लावत नाही, ही त्याची खरी कसोटी आहे आणि त्या कसोटीला तो उतरतो.

चित्रपटात त्यांनी उलटी वाट धरली. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’ (१९८३) मध्ये त्या ‘खबरदार’ची संपादक शोभा झाल्या. भोवती सगळे बावळटपणा करत असताना शोभा गंभीर राहते. सत्याच्या गप्पा मारत ती बिल्डरांशी पैशांचा सौदा करते, आणि तेही बातमी वाचावी इतक्या सभ्य स्वरात. इथे प्रमाणभाषाच ढोंगाचा बुरखा ठरते. मंजुळाच्या अशुद्धात प्रामाणिकपणा होता. शोभाच्या शुद्धात लबाडी आहे. दोन भूमिका शेजारी ठेवल्या, की शुद्धतेवरचा आपला भाबडा विश्वास डळमळतो.

‘आई रिटायर होतेय’ या अशोक पाटोळे यांच्या नाटकात घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई त्यांनी केली. प्रेक्षक हसतात ते कल्पनेच्या विचित्रपणाला. मग त्यांना कळते, की विचित्र काही असेल तर ते आईला कधीच सुटी नसणे. ‘गांधी विरुद्ध गांधी’मधील कस्तुरबा ही भूमिका गंभीर, पण कमी बोलून जास्त ऐकवण्याची शिस्त विनोदातच कमावलेली. १९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात त्या गेल्या.

सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी पुढे फुलराणी केली आणि प्रत्येकीला पहिल्या फुलराणीशी तुलना सोसावी लागली. आवाज कोणाचा अधिक लवचिक, हे त्या तुलनेतले गौण मोजमाप. हसू बोलीवर येते की बोलणारीच्या बुद्धीवर, हे आधी पाहावे. मावशीचे लुगडे पुरुषाकडून बाईकडे आले एवढ्याने विनोद बाईचा होत नाही. कोणाला हसायचे हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे यावा लागतो. भक्ती बर्वे यांनी तो रंगमंचावर, भर प्रयोगात, प्रेक्षकांच्या हातून काढून घेतला.