रस्त्यावरील छायाचित्र, ध्वनी आणि बोली

रस्त्यावरील छायाचित्राला ध्वनीची जोड दिली की चित्रकथन आपोआप समृद्ध होते, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. छायाचित्र सेकंदाचा एक सूक्ष्म अंश टिपते; ध्वनीला कालावधी लागतो. त्यामुळे दोहोंचा संयोग ही केवळ बेरीज ठरत नाही. त्यांचे नाते कोणते, हाच खरा प्रश्न होय.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ केले. त्या चित्रांना निवेदन व संगीत यांची साथ असे. क्रिस मार्करच्या ‘ला जेते’ (१९६२) या लघुपटात जवळजवळ सर्व प्रतिमा स्थिर असून निवेदकाचा आवाज त्यांना काळाचे परिमाण देतो. रोलाँ बार्थने १९६४ मध्ये प्रतिमेसंबंधात शब्दाची दोन कार्ये सांगितली: प्रतिमेच्या अनेक संभाव्य अर्थांपैकी एक निश्चित करणे आणि प्रतिमेत नसलेला अर्थ पुढे नेणे.

यांपैकी दुसऱ्या कार्याचे महत्त्व पालघर आणि बोईसर-तारापूर येथे विशेष जाणवते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. पुढे बोईसरलगत औद्योगिक वसाहत विस्तारली आणि दूरदूरचे कामगार येथे आले. या रस्त्यांच्या छायाचित्रात स्थानकाची पाटी, दुकानांचे फलक, कारखान्यांची नावे दिसतात. म्हणजे लिपी दिसते, बोली दिसत नाही. वाडवळी, मांगेली, वारली या बोली फलकांवर क्वचितच येतात. केवळ चित्रावर विसंबणारा प्रेक्षक त्या येथे नाहीतच असे मानील. चौकटीबाहेरून ऐकू येणारी मासळीच्या भावाची मांगेली घासाघीस ही उणीव भरून काढते. उलट रिक्षाच्या चित्रावर रिक्षाचाच भोंगा ऐकविणे ही निव्वळ पुनरुक्ती होय.

याहून गंभीर दोष खोट्या ध्वनीचा. पाळी संपवून कारखान्याबाहेर पडणाऱ्या वारली कामगाराच्या चित्रामागे तारपा वाजविला, तर तो कामगार राहत नाही. पाहणाऱ्याच्या मनातील ‘आदिवासी’ होतो. तारपा हे खरेच त्या समाजाचे वाद्य आहे. परंतु त्या रस्त्यावर, त्या क्षणी तो वाजत नव्हता. सुंदर ध्वनी येथे माणसाचे वर्तमान पुसून टाकतो.

म्हणून ध्वनीची कसोटी माधुर्य ही नव्हे. तो त्याच स्थळकाळातला आहे काय आणि चित्र जे सांगू शकत नाही ते सांगतो काय, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तरच त्या संयोगाला चित्रकथनाची समृद्धी म्हणता येईल.