चिठ्ठी दाखवली, गोळ्या मिळाल्या, पण माहिती?

दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. औषधाच्या कारखान्यात प्रत्येक बॅचला क्रमांक असतो. कच्चा माल कोणता, तपासण्या कोणत्या झाल्या, याची नोंद ठेवावी लागते. एवढी शिस्त मेडिकलच्या काउंटरपाशी मात्र सैल पडते, ही आमची तक्रार आहे.

शिरूर असो वा दौंड, तालुक्याच्या गावचा नेहमीचा व्यवहार पाहा. चिठ्ठी पुढे होते, पाकिटातून सहा गोळ्या कापल्या जातात, ‘दोन वेळा, जेवणानंतर’ एवढे सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. बॅच क्रमांक आणि मुदत पुष्कळदा पाकिटाच्या एकाच कडेला छापलेली असते. ती कड दुकानात राहिली, तर हातातल्या गोळीची मुदत कळणार कशी?

सांगण्यासारखे तर पुष्कळ असते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दुधाबरोबर घेतले, तर दुधातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग होतो आणि ते रक्तात कमी पोचते. दारी दुभते जनावर असलेल्या घरात ‘गोळी दुधाबरोबर घे’ हे मायेनेच सांगितले जाते! लोहाच्या गोळीवर चहा घेतला, तर लोहाचे शोषण घटते. उन्हात ऊस तोडणारा मजूर अंगदुखीवर डायक्लोफिनॅक घेतो. शरीरात पाणी कमी असताना हे औषध मूत्रपिंडांना अपाय करू शकते.

नियमांची वाण नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचे औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे आहे. सेफिक्झिमसारख्या ‘एच-१’ यादीतल्या औषधांसाठी २०१४ पासून वेगळी नोंदवही ठेवावी लागते. तीत रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि प्रमाण लिहायचे असते. २०१५ च्या विनियमांनी रुग्णाला औषध समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरवले. पण दुकानाची मिळकत विकलेल्या गोळ्यांवर असते, बोलण्यावर नाही. नोंदवही निरीक्षकाला दाखवता येते. न सांगितलेल्या गोष्टीचा पुरावा कुठेच उरत नाही. नियमाचा हा भाग म्हणूनच दुबळा राहतो.

मग ग्राहकानेच विचारायला हवे. कशासाठी, कशाबरोबर, किती दिवस, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांना शिकवता येतील. घरातली रिकामी पाकिटे वर्गात आणायला सांगावीत आणि किती तुकड्यांवर मुदत वाचता येते, ते मोजावे. आलेला आकडा फळ्यावर लिहावा. चर्चेला तेवढे पुरेसे आहे.